शिष्यवृत्ती बंद करा म्हणणाऱ्यांसाठी

परवा घरच्या ग्रुपवर काकांनी टाकलं, "आमच्या टॅक्सच्या पैशावर पोरं परदेशात शिकतात आणि तिकडेच राहतात, बंद करा या शिष्यवृत्त्या." खाली अंगठ्यांची रांग. इथे जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये बसून वाचलं आणि डोकंच फिरलं.

अहो, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतल्या वर्षाला 75 जणांना. राज्यातली अनुसूचित जातींची लोकसंख्या 2011च्या जनगणनेतच सव्वा कोटीच्या वर. यात कुणाचा टॅक्स बुडाला?

माझ्या शिक्षणाच्या कर्जासाठी बाबांनी नाशिकचा फ्लॅट तारण ठेवला, कारण 7.5 लाखांच्या वरच्या कर्जाला बँक तारण मागत होती आणि व्हिसासाठी स्पेरकोंटोत, म्हणजे पैसे अडकवून ठेवायच्या जर्मन खात्यात, वर्षभराचा खर्च आधीच भरून दाखवावा लागतो, 2024मध्ये तो आकडा 11,904 युरो झाला, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. फी इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला 1500 युरो, बाकी सगळा भार इथला करदाता उचलतो, आणि एकाही जर्मन माणसाने मला त्याचा हिशोब विचारलेला नाही. फ्लॅट नसता तर मी आलेच नसते, हुशारी वगैरे नंतर.

आमच्या वेगेत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सामायिक फ्लॅटमध्ये, यवतमाळची एक मुलगी होती, शिष्यवृत्तीवर आलेली. हप्ता उशिरा यायचा, भाडं मात्र एक तारखेला जायचंच. संध्याकाळी लिडल या स्वस्त सुपरमार्केटमध्ये किंमत उतरवल्याचं स्टिकर लागलं की ती ब्रेड आणायची, फ्रीझरमध्ये ठेवून आठवडाभर पुरवायची आणि रात्री थीसिस लिहायची. याला मजा म्हणायचं?

परत येण्याचं म्हणाल तर बाबासाहेब 1913ला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, पुढे मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून 1917ला आले, शिष्यवृत्तीचा करार पाळायला बडोद्यात नोकरी धरली, तर राहायला जागा मिळेना आणि ऑफिसात शिपाई फायली लांबून फेकायचे.

मला मात्र परत ये असं कुणी म्हणतच नाही. उलट काकाच लग्नाकार्यात "आमची पुतणी जर्मनीत असते" म्हणून अभिमानाने सांगतात. मी येईन का, खरंच माहीत नाही. इथे ऑसलेंडरबेहोर्डच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या परवान्यांच्या ऑफिसच्या, रांगेत मी नाशिकची असते, नाशिकला गेले की तिसऱ्या दिवसापासून जो तो विचारतो कधी निघणार, आणि ते मला लागतं.

काका, करदात्याची एवढी काळजी आहे ना, तर त्या मुलीचा हप्ता वेळेवर का येत नव्हता ते विचारा आणि 75चे 750 कधी करणार तेही विचारा.