उंचीपेक्षा पावलं बघा

राम सुतार आणि त्यांचे चिरंजीव अनिल यांच्यावरचा तुमचा लेख मनापासून आवडला. फक्त त्यांनी घडवलेल्या सरदार पटेलांच्या पुतळ्याची, म्हणजे स्टॅच्यू ऑफ युनिटीची उंची, 182 मीटर, एवढ्यावरच थांबायला नको होतं. खरी कसोटी सरदारांच्या पावलांशी आहे! धोतर नेसलेला, चालण्याच्या पवित्र्यात उभा माणूस. म्हणजे पुतळा घोट्यांपाशी सर्वांत अरुंद, आणि वरचा सगळा डोलारा, वारा, भूकंपाचे हादरे तिथेच पेलायचे. वडील कसलेले शिल्पकार, मुलगा शिक्षणाने वास्तुविशारद. अशा कामात घरातच ही जोडी असणं किती मोलाचं! धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या सुतारकाम करणाऱ्या घरातून रामभाऊ आले, हेही लिहायला हवं होतं. आणि कृपया मथळ्यात दोघांचीही नावं द्या.