आमच्या वेळी फुकट होतं

मागच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर मी मुलाचा एक फोटो टाकला. पाऊस नुकताच थांबलेला, अंगात मात्शहोझ म्हणजे चिखलात खेळायची रबरी पँट, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात एक लाकडाची काटकी आणि तोंडभर हसू. संध्याकाळी काकांनी तोच फोटो भावाच्या मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंखाली पुन्हा टाकला आणि लिहिलं, ‘ताईचा पोरगा जर्मनीत काठीने खेळतो, आणि लालबागेत यांना मिनीबस लागते. आमच्या वेळी सगळं फुकट होतं आणि कोणी रडत नव्हतं.’ आत्याने हात जोडले. दोन चुलत भावांनी अंगठे दिले. भाऊ काहीच बोलला नाही.

माझ्या मुलाचा फोटो घेऊन माझ्याच भावाला मारलं, याचा राग अजून गेलेला नाही.

भावाने काय गुन्हा केला? भाची पाच वर्षांची झाली. त्याने इमारतीतली अकरा मुलं गोळा केली, रविवारी सकाळी मिनीबस ठरवून राणीच्या बागेत नेली, पेंग्विन दाखवले. तिथून लोअर परळच्या एका मॉलमधल्या प्ले झोनमध्ये, जिथे तासाचे पैसे मोजून मुलं रंगीत चेंडूंच्या हौदात उड्या मारतात. मग केक, मग रिटर्न गिफ्ट. त्या महिन्यात त्याने बाइकचे टायर बदलायचे पुढे ढकलले, हे मला वहिनीकडून कळलं.

खरं सांगायचं तर आधी मीही फोनवर त्याला म्हणाले होते, “अरे, एवढं कशाला?” अकरा वर्षं बाहेर राहिल्यावर गळ्यात एक सूर येऊन बसतो, तो त्या वाक्यात होता. मी त्याला माझ्याकडचे वाढदिवस ऐकवले. सहा वर्षांचा मुलगा, म्हणून सहाच पाहुणे. घरी भाजलेला केक, डोळे बांधून चमच्याने पातेलं शोधायचा टोप्फश्लागेनचा खेळ, अंगणात खजिन्याचा शोध, साडेसहाला सगळे आपापल्या घरी. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मग हिला खेळायला कुठे सोडू, तू सांग.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्याची इमारत मी पाहिलेली आहे. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. खाली पार्किंग, वर पोडियमवर कोपऱ्यात एक हिरवळ आणि तिच्यावर पाटी: ‘लॉनवर चालू नये. चेंडूने खेळण्यास सक्त मनाई.’ संध्याकाळी सहा ते सात एवढा एक तास मुलांना खेळू द्या, असा अर्ज भाऊ दोन वर्षं करतोय. सर्वसाधारण सभेत तो दोनदा फेटाळला गेला. कारणं दोन: गाड्यांच्या काचा आणि आवाज.

आवाज! इथे २०११ पासून देशाच्या कायद्यातच लिहिलेलं आहे की किटामधून म्हणजे पाळणाघर-बालवाडीतून, श्पीलप्लात्सवरून म्हणजे मुलांच्या खेळाच्या मैदानावरून येणारा मुलांचा आवाज हा सहसा उपद्रव धरायचा नाही. मी राहते त्या बर्लिनने तर वर्षभर आधीच आपल्यापुरता तसा नियम केला होता. शेजारी तक्रार करतात, नाही असं नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनीही केली. पण मुलांच्या पाठीशी काहीतरी उभं आहे हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, त्यामुळे बोलणं तिथेच संपलं. याच शहराच्या कायद्यात असंही आहे की माणशी एक चौरस मीटर जागा मुलांच्या खेळण्यासाठी असावी. नुसती खेळण्यासाठी, बागा त्यात धरलेल्या नाहीत. सगळीकडे ती भरते असं नाही, पण मागायला आधार आहे. मुंबईत बागा, मैदानं, सगळं मिळून माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरतं.

म्हणून तो चिखलातला फोटो म्हणजे माझा साधेपणा नव्हे. तो चिखल, तो पाण्याचा पंप, ती वाळू शहराने पुरवलेली आहे, आणि त्याची किंमत माझ्या पगारातून दर महिन्याला कापली जाते. दोनशे पावलांवर खेळायची जागा असताना काठीने खेळवणं सोपं असतं. काकांनी भावाला त्याबद्दल बोलू नये.

आणि आमच्या गिरणगावात जागा नव्हती असंही नाही. मुंबईतल्या गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर जमीन होती, आणि तिच्यातली बहुतेक याच भागात. १९९१च्या नियमाप्रमाणे तिचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी मिळायचा होता. २००१मध्ये नियम बदलला. हिशेब सगळ्या जमिनीचा न राहता फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीचा झाला, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. माझे बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. ज्या आवारात ते रातपाळीला शिरायचे, त्याच आवारात आज तो मॉल आहे आणि त्यांची नात तिथे तासाच्या दराने उड्या मारते.

बर्लिनच्या टेंपलहोफ या जुन्या विमानतळावर मी मुलाला पतंग उडवायला नेते तेव्हा मला हे आठवल्याशिवाय राहत नाही. विमानतळ २००८मध्ये बंद झाला, २०१०मध्ये लोकांना खुला झाला. घरांची इतकी टंचाई असलेल्या या शहरात कडेकडेने इमारती बांधायचा बेत आला, तेव्हा २०१४मध्ये बर्लिनकरांनी मतदान करून तो बेत नाकारला. तीनशे हेक्टर मोकळं आकाश. बर्लिनची लोकसंख्या किती आणि मुंबईची किती, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. १९९१चा नियम लिहिणाऱ्यांनाही मुंबईची गर्दी दिसत होतीच.

काकांचं ‘फुकट’ मला सर्वांत जास्त टोचलं. चाळीतलं खेळणं फुकट नव्हतं. प्रत्येक मजल्यावरच्या गॅलरीत कोणीतरी उभं असायचं. कांदा चिरता चिरता, पाणी भरता भरता बायका चौकात डोळा ठेवायच्या. मी पडले तर आई यायच्या आधी समोरच्या मावशी हळद घेऊन पोहोचायच्या. ते सगळं टॉवरमध्ये गेलं, आणि त्याच्या बदल्यात भाऊ आता पैसे मोजतो.

शिवाय लाड काय तेव्हा होत नव्हते? बाबा शनिवारची रातपाळी संपवून सकाळी घरी यायचे, चहा घ्यायचे आणि न झोपता आम्हा दोघांना घेऊन निघायचे. कधी मलबार हिलला म्हातारीचा बूट, कधी राणीची बाग. आजी रागवायची, “पोरांना डोक्यावर बसवून ठेवलंयस, एक दिवस पस्तावशील.” पाणघोडा तोंड उघडेपर्यंत बाबा कठड्याला टेकून उभे असायचे, डोळे मिटत असायचे. माझी उंची पुरायची नाही. मला खांद्यावर कोण घ्यायचं? हेच काका. त्यांचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, रविवारी ते आमच्याबरोबर यायचे, आणि पाणघोडा पाण्याखालीच राहिला तर वाट बघत बघत खांदा बदलायचे. मला तो खांदा आठवतो, त्यांना आठवत नाही.

मी हे फोनवर बोलायला गेले तर म्हणाले, “तिकडे बसून आम्हाला शहाणपण शिकवू नकोस.” ते लागलं. लागलं, कारण त्यात थोडं खरं आहे. मुंबईच्या एकाही सोसायटीच्या सभेत मी कधी हात वर केलेला नाही. हक्काने रागवायचं तर हक्काने तिथे राहायला हवं होतं.

आणि मी माझ्या मुलासाठी काय काय करते, ते ग्रुपवर कधी टाकत नाही. आजीशी व्हिडिओ कॉल लावायच्या आधी मी त्याला दोन वाक्यं घोकून घेते, ‘आजी, जेवलीस का’ आणि ‘आज शाळेत मजा आली’. आजीला वाटतं नातू मराठी बोलतो. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला गणपती होते आणि इथे सुट्टी होती, तर ऐन हंगामातल्या चढ्या दराने तिकिटं काढून त्याला लालबागला नेलं. यंदा गणपती १४ सप्टेंबरला, शाळा ऑगस्टमध्येच उघडते, म्हणजे आता कित्येक वर्षं योग नाही, या घाईने नेलं. मला त्याला तो ढोलाचा आवाज द्यायचा होता, जो ऐकला की माझ्या पायांना अजून चाळीच्या पायऱ्या आठवतात. पहिलाच ढोल वाजला तसे त्याने दोन्ही कान घट्ट दाबले, माझ्या पदरात तोंड खुपसलं आणि जर्मनमध्ये विचारलं, “आई, आपण घरी कधी जायचं?”

आम्ही माझ्या घरापासून पन्नास पावलांवर उभे होतो.

त्याला गर्दीतून उचलून बाहेर आणलं ते भावाने. त्याच्या डोक्यावर आपला रुमाल बांधला, कान झाकले, भाचीला त्याचा हात धरायला सांगितलं आणि दोघांना जिन्यात बसवून काचेच्या गोट्या दिल्या. रात्री अकरापर्यंत ती दोघं जिन्यात होती, ती मराठीत आणि हा जर्मनमध्ये. एवढ्या लांबून, एवढे पैसे घालून नेल्यावर त्याला खरोखर हसताना मी तिथे पाहिलं. तो जिना भावाने सुचवला होता, मला सुचला नव्हता.

काल ग्रुपवर मी एकच ओळ लिहिली: ‘काका, पाणघोडा दिसावा म्हणून तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात.’ त्यांनी ती वाचली आहे, निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर नाही.

डिसेंबरच्या सुट्टीची तिकिटं काढली. भावाला कळवलंय की बुधवारी राणीची बाग बंद असते, तेवढा वार सोडून कधीही ने, आणि गाडीत दोन जागा जास्त ठेव, एक माझ्या मुलाची आणि एक काकांची.