पत्रा कापण्याआधी एवढं वाचा

घरच्या घरी हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी कापून-हलकी करून दांडगं इंजिन बसवलेली गाडी, बांधायचं ठरवलंत, फार छान केलंत. खान्देशात हौसेला कधी तोटा नव्हता. सारंगखेड्याच्या यात्रेत लोक एका घोड्यासाठी लाखो रुपये मोजतात. तुम्ही तर भंगारच्या भावात एकदम पन्नासेक घोडे अंगणात आणून बांधताय. त्यांच्या दाणापाण्याचा हिशेब सध्या नको. आधी नियोजन करू.

नियोजन रंगापासून सुरू करायचं. चेरी लाल की काळ्यावर पिवळ्या ज्वाळा, हे ठरल्याशिवाय इंजिनाकडे बघायचंसुद्धा नाही. ज्वाळाच घ्या. मे महिन्यात भुसावळला गाडी उन्हात उभी केल्यावर ज्वाळा काढलेल्या आहेत की लागलेल्या, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळलं नाही म्हणजे पेंटर चांगला मिळाला. रंगानंतर चाकं: मागची रुंद, पुढची बारीक. ती मडगार्डात बसतात की घासतात हे मोजायला जाऊ नका, मडगार्ड काढायचेच आहेत. मग भोंगा. मग सीटचं लेदर. यात निम्मे पैसे संपले की प्रकल्पाला खरा वेग येतो, कारण आता मागे फिरायची सोय राहत नाही.

घरात ‘हे काय नवीन काढलं?’ असा प्रश्न येईल. तेव्हा इतिहास काढा. आपल्याकडे इतिहास काढला की समोरचा गप्प बसतो. सांगा, की दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या मिळेल त्या भावात उचलायची, मडगार्ड, बंपर, बॉनेट, जे निघेल ते काढून वजन घटवायची आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यात पळवायची. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून रीतसर संघटनासुद्धा काढली. फोर्डनं १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी या एकाच गाडीचे दीड कोटी नग काढले होते, त्यामुळे भंगाराला तोटा नव्हता. आणि १९३२ साली त्याच फोर्डनं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन साध्या माणसाच्या गाडीत बसवून विकायला काढलं. हलकी गाडी, दांडगं इंजिन.

इथं थांबा. पुढचा भाग घरी सांगायचा नाही. तो असा, की फोर्डनं १९३९ च्या गाड्यांना हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक दिले, आणि त्याच पोरांनी ते ब्रेक आपल्या जुन्या गाड्यांना आणून बसवले. नुसतं पळून भागत नाही हे त्यांना कळलं होतं. तुम्हाला एवढ्यात कळायची गरज नाही. आईच्या कानावर ब्रेक हा शब्द पडला की बजेट पुन्हा मांडावं लागतं.

आणि वजन उतरवण्याच्या कलेत कॅलिफोर्नियाचं कौतुक जरा बेतानंच करा. गाडीचं मागचं दार काढून टाकायचं हे आमच्या काळी-पिवळीवाल्यांना कोणी शिकवलं नव्हतं. हेतू तेवढा उलटा होता: दार काढलं की आणखी चार माणसं लटकतात.

गाडी निवडताना ज्याला यातलं कळतं त्याला अजिबात विचारू नका. तो म्हणेल, जुनी महिंद्राची जीप घे. जीपला खाली वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारा लोखंडी सांगाडा असतो, वरची बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी इंजिन, गिअरबॉक्स, चाकं जागच्या जागी राहतात. पहिल्या कामाला याहून सोपं काही नाही. सोपं आहे म्हणूनच घ्यायची नाही. अँबेसेडर घ्या. मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातून निघालेली, २०१४ पर्यंत उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनत राहिलेली, एकेकाळी जिच्यातून पुढारी उतरायचे ती गोल पाठीची गाडी. हिला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते, टप आणि खांबांसकट. म्हणजे टप चार इंच खाली घ्यायला खांब कापायचे असतील, तर आधी आतून उभे-आडवे पाइप वेल्ड करून गाडी जखडून घ्यावी लागते. नाही घेतली तर ती मधून हळूच बसते आणि दारं लागायची बंद होतात. त्यात काय एवढं? दारं वेल्ड करून टाका आणि हॉट रॉडमध्ये उडी मारूनच बसतात म्हणून सांगा. वडिलांना उडी मारता येणार नाही, पण ते तसेही बसणार नव्हते. खांब कापले की काचाही कापाव्या लागतात. बाजूच्या काचा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या असतात आणि टफन्ड काच कापता येत नाही. कटर लावला की खडीसाखरेएवढे तुकडे मांडीवर येतात. ते झाडून घ्या आणि पुढचं काम धरा.

गाडी खोलायची ती एका दुपारीच. फोटो काढू नका, वायरींना चिठ्ठ्या लावू नका, नटबोल्ट सगळे एकाच तेलाच्या रिकाम्या डब्यात टाका. अँबेसेडर विलायती घराण्यातली, तिचे आटे इंची. तुम्ही जे इंजिन आणणार त्याचे आटे मेट्रिक. दोन्ही बोल्ट दिसायला सख्खे भाऊ. एक हाताला येतो, भोकात लागतो, दोन फेरे छान फिरतो आणि अडकतो. मग पान्ह्याला पाइप लावून जोर द्या. आटे गेले की लेथवाल्याकडे जा. त्याच्याशी ओळख वाढणं फार महत्त्वाचं, पुढची काही वर्षं तुम्ही त्याच्याच दुकानात बसणार आहात.

इंजिनाबद्दल. मूळचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन चालू स्थितीत असेल तर ते ताबडतोब काढून टाका. चालू गाडीची हॉट रॉड कशी होणार? त्या जागी बोलेरोचं अडीच लिटरचं डिझेल बसवा. ते वजनाला जास्त, त्यामुळे पुढचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या) दबतील आणि गाडीचं नाक आपोआप खाली येईल. लोक याच रूपासाठी वेगळे पैसे मोजतात. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा जॉइंटचा शाफ्ट आखूड किंवा लांब होईल, तो कापून जोडा. कापलेला शाफ्ट बॅलन्स करून घेतात म्हणे. डिझेल इंजिन पेट्रोलइतकं फिरत नाही, म्हणून डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचा, रेशोही बदलावा लागतो. तो बदलू नका. मग टॉपमध्ये इंजिन बोंबलत राहील आणि तुम्ही सावद्याहून निघालेल्या केळीच्या ट्रकमागे निवांत चालाल. ज्वाळा मात्र सगळ्यांना नीट दिसतील.

मदतीला मित्र लागतील. ते रविवारी येतील, आणि खान्देशात रविवारी मित्र जमले की वेल्डिंग होत नाही, भरीत होतं. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटतील, वांगी भाजली जातील, कळण्याच्या पुऱ्या येतील. हा वेळ वाया गेला असं मुळीच समजू नका. सगळं तांत्रिक मार्गदर्शन याच वेळी मिळतं. एक जण हमखास म्हणेल, ‘थर्मोस्टॅट काढून फेक भो, गाडी गरमच होत नाही.’ थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आपल्याकडच्या अर्ध्या मिस्त्रींचा ती काढण्याच्या उपायावर देवावर असावा तसा विश्वास आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन हिवाळ्यात लवकर तापत नाही, डिझेल जास्त पितं आणि आतून झिजतं; आणि उन्हाळ्यात रेडिएटरच लहान असेल तर ते तरीही उकळतं. पण रेडिएटर मोठा करायला पैसे लागतात आणि थर्मोस्टॅट फुकटात निघतो. मित्राचं ऐका.

याच अंगणात सोडवलेली पेट्रोलची टाकी पडलेली असेल. ती शेकोटीपासून आणि वेल्डिंगच्या ठिणगीपासून लांब न्या. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, कारण आत वाफ कोंडलेली असते. या लेखात हा एकच सल्ला सरळ आहे, चुकून उलटा घेऊ नका.

गल्लीतले म्हातारे रोज कठड्यापाशी थांबतील. ‘हाई काय शे रे भो?’ तुम्ही व्ही-८ पासून सुरुवात कराल, म्युरॉकचं तळं सांगाल, टप का कापला ते सांगाल. ते सगळं शांतपणे ऐकून घेतील आणि विचारतील, ‘चालस का पन?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. चहा मागवायचा.

आता कायदा, तोही उडत उडत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की आरसीवर लिहिलेल्या गोष्टी कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळेनाशा होतील असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे शब्द पुन्हा वाचा आणि अंगणात उभ्या गाडीकडे बघा. तुमची गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर मात्र सरकार मायाळू आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं मिळतात. अट इतकीच की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. तुम्ही नेमक्या याच गोष्टी बदलल्या आहेत. चासी राहिली, पण ती नव्हतीच.

तेव्हा जळगावची एमएच १९ ची पाटी लावून हायवेवर जायचा मोह टाळा आणि चाचणी शेतातच घ्या. म्युरॉकचं तळं सपाट आणि टणक होतं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते आणि पहिल्या पावसात चाक अक्षापर्यंत गिळते. दोन्हींच्या मधले काही दिवस मिळतात, ते पंचांगात बघून ठेवा. बॅटरी उतरलेली असेल, चार पोरं ढकलायला सांगा आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडा. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, आणि जुने ड्रम ब्रेक अजून तेलाच्या डब्याशेजारी खोक्यातच आहेत. म्हणून शेतरस्ता असा निवडा, ज्याच्या शेवटी चांगला उभा चढ असेल.