गांजा ओढला की गाडी जपून चालते? त्या मेसेजला माझं उत्तर

निपाणी, संकेश्वर, बेळगाव पट्ट्यातल्या ट्रान्सपोर्टच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, जो तो पुढं ढकलतोय. त्यात म्हटलंय की दारू पिऊन गाडी चालवणं वाईट, पण गांजा ओढलेला ड्रायव्हर उलट शांत असतो, गाडी हळू घेतो. अमेरिकेत गांजा कायदेशीर आहे आणि तिथल्या सरकारच्याच अभ्यासात त्यानं अपघात वाढत नाहीत असं निघालंय. शिवाय जागरणावर उपाय आहे, मशीनमध्ये सापडत नाही, आणि बॉर्डर ओलांडून कर्नाटकात आलं की कोण विचारत नाही. आमच्या घरच्या गाड्या याच रोडला पळतात, ड्रायव्हर सगळे गावातलेच, त्यांची पोरंबाळं रोज डोळ्यासमोर असतात, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी ते हळू चालवण्याचं. हे खरं आहे, मान्यच आहे. चाचण्यांमध्ये दिसलंय की गांजा ओढलेला माणूस स्पीड कमी ठेवतो, पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवतो, कारण आपल्याला चढलीय हे त्याला कळत असतं, दारू पिलेल्याला उलट आपण लई भारी चालवतोय असं वाटतं. पण त्याच चाचण्यांत पुढचंपण दिसलंय आणि ते मेसेजमध्ये कुणी टाकलं नाही: गाडी लेनमध्ये सरळ राहत नाही, डावी-उजवी खाते, अचानक काही समोर आलं तर पाय ब्रेकवर उशिरा जातो, आणि एका वेळी दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवायचं म्हटलं की गडबड होते.

आता हे आपल्या रोडवर आणून बघा. उसाचा सीझन, रात्रीचे दोन, पुढं डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडनं लोंबतोय, आणि समोरून येणाऱ्याचा अप्पर लाईट थेट डोळ्यात. ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. म्हणजे नुसता एक सेकंद उशीर झाला तरी तेवढ्या अंतरात ती ट्रॉली तुमच्या केबिनमध्ये आलेली असते. आणि मागं तीस टन माल असेल तर ब्रेक दाबल्यावरसुद्धा गाडी जागेवर थोडीच थांबते. तिथं तो शांत स्वभाव काय कामाचा?

तवंदी घाटाचं तर वेगळंच. बेळगावकडनं निपाणीला उतरताना गियर कुठला टाकायचा हे वर असतानाच ठरवावं लागतं, उतार लागल्यावर नाही. जुने ड्रायव्हर वरच गियर पाडून घेतात, इंजिनवर गाडी धरतात, आणि ब्रेक मध्ये मध्ये हलकाच मारतात, कारण सारखा पाय ठेवला तर ड्रम तापतात, जळका वास सुटतो, आणि मग ब्रेक लागायचा बंद होतो. हे सगळं स्पीडच्या आणि वेळेच्या अंदाजावर चालतं आणि गांजा नेमका तोच अंदाज बिघडवतो, चढलेल्या माणसाला पाच मिनिटं दहासारखी वाटतात. अशा डोक्यानं भरलेली गाडी घाटात उतरवायची म्हणजे खाली जे कोण टू-व्हीलरवर बायको-पोरं घेऊन चाललंय त्याच्या जिवाशी खेळ.

अमेरिकेचा मुद्दा सगळ्यात जास्त फसवा आहे. तिथं काही राज्यांनी गांजा मोकळा केलाय हे बरोबर, कोलोराडोत २०१४ पासून दुकानात मिळतो. पण त्याच कोलोराडोतला ट्रक ड्रायव्हर तो ओढू शकत नाही, कारण मोठ्या गाड्यांच्या ड्रायव्हरची तपासणी केंद्राच्या नियमानं होते आणि लघवीत गांजा सापडला की त्याला स्टेअरिंगवरून खाली उतरवतात. जानेवारी २०२० पासून अशा ड्रायव्हरांची देशभर एकच नोंद ठेवतात आणि त्यात सगळ्यात जास्त सापडणारी नशा गांजाचीच आहे. कॅनडानं २०१८ मध्ये पूर्ण देशात मोकळीक दिली, तरी तिथल्या ऑंटारिओ प्रांतात ट्रकवाल्याच्या अंगात गांजाचा अंशसुद्धा चालत नाही. म्हणजे ज्यांनी कायदेशीर केला त्यांनीच ट्रकवाल्याला बाजूला काढलं.

आणि तो अभ्यास. आहे, खोटा नाही. व्हर्जिनिया बीच नावाच्या शहरात झाला, रिपोर्ट २०१५ चा. वय, लिंग वगैरे धरून हिशेब केल्यावर गांजामुळं वाढलेला धोका ठळक दिसला नाही असं त्यात आहे. पण तिथं मोजलं काय, तर अंगात गांजाचा अंश आहे का नाही एवढंच. गांजा चरबीत मुरतो, नशा उतरल्यावरही अंश मागं राहतो, त्यामुळं शुद्धीत असलेली माणसंपण त्याच यादीत आली. दुसरीकडं २०१२ मध्ये बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून बघितली तेव्हा धोका जवळपास दुप्पट निघाला, नंतरच्या काहींत त्याहून कमी. दारूपेक्षा कमी आहे हे खरंच, पण दारूपेक्षा कमी म्हणजे सेफ असं कुठल्याच रिपोर्टात नाही. वर ढाब्यावर एक क्वार्टर आणि मग चिलीम, असं दोन्ही झालं तर एकट्या दारूपेक्षा किंवा एकट्या गांजापेक्षा जास्त बिघडतं.

झोपेचं म्हणाल तर गांजा जाग आणत नाही, उलट उतरताना गुंगी येते. भांगेची गोळी तर आणखी वाईट, कारण ती खाल्ल्यावर अर्धा ते दोन तास काहीच कळत नाही, माणूस म्हणतो चढली नाही बघ, गाडी काढतो, आणि मग ती मधल्या रोडवर चढते आणि सहा-आठ तास उतरत नाही.

राहिलं मशीन. फुंकायच्या मशीनमध्ये गांजा दिसत नाही, बरोबर. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ फक्त दारूचं नाही, नशेमुळं गाडी ताब्यात ठेवता येत नसेल तर पहिल्याच वेळी १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि अपघात झाला की रक्त काढायला दवाखान्यात नेतातच. त्याशिवाय गांजाचा कायदा, १९८५ चा एनडीपीएस, केंद्राचा आहे, कोगनोळीच्या बॉर्डर नाक्याच्या अलीकडं आणि पलीकडं एकच. नुसतं ओढल्याबद्दलही सहा महिने होऊ शकतात, केबिनमध्ये किलोच्या आतला गांजा सापडला तरी वर्षापर्यंत. गांजाची ने-आण करताना सापडली तर गाडीच जप्त होऊ शकते. आणि नशेत ठोकली तर इन्शुरन्सवाले गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारतात, पॉलिसीत तसं लिहिलेलंच असतं.

अजून एक, हे ड्रायव्हर दादांनी नीट वाचा. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजा कित्येक दिवस, कधी काही आठवडे दिसतो. चार दिवसांपूर्वी ओढला, आज तुमची चूक नसताना कुणी येऊन धडकला, तरी रिपोर्ट तुमच्याविरुद्ध येणार आणि मग मी शुद्धीत होतो हे कोर्टात सांगत बसायचं.

मेसेजमध्ये एक दुःख मात्र खरं आहे, ड्रायव्हर झोपेला आलेला असतो. पण तो का येतो? १९६१ च्या मोटार कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास लिहिले होते, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती; २०२५ मध्ये त्याच्या जागी नवीन कामगार संहिता आली. पुणे-बेंगळुरू एकट्या ड्रायव्हरकडनं एका दमात मारून घेणारे मालक तो कायदा कुठं पाळत होते? मी स्वतः गाडीवाल्याच्या घरातला आहे म्हणून मालकांनाच सांगतो, लांबच्या ट्रिपला दोन ड्रायव्हर द्या, नाहीतर माल मागवणाऱ्या पार्टीला पोचायची वेळ सांगताना रात्रीची झोप धरून सांगा. ड्रायव्हर उशिरा आला म्हणून भाडं कापणार असाल तर त्यानं काय ओढलं हे विचारायचा तुम्हाला हक्क नाही. आणि ज्यांनी तो मेसेज ग्रुपवर टाकलाय त्यांनी आजच डिलीट करा, नवीन पोरं वाचतात तिथं.