पोरांना ऑप्शन शिकवले म्हणजे पैसा शिकवला असं नाही

सध्या पुण्यातल्या सोसायटीच्या, पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणे शाळा पैशाबद्दल काहीच शिकवत नाही, एफडी करणारे आईबाप मागासलेले, जगात काय चाललंय ते बघायची गरज नाही कारण भावाच्या चार्टमध्ये सगळं दिसतं, म्हणून पोरगं अठराचं झालं की डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) उघडून द्या आणि ऑप्शन शिकवा. खाली कोर्सची लिंक. चांगली शिकलेली माणसंही तो पुढे ढकलतायत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

शाळेचं आधी. स्टेट बोर्डाच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये अर्थनियोजन हे अख्खं प्रकरण आहे, जीएसटी, शेअर्स, दलाली, म्युच्युअल फंड सगळं त्यात. फक्त ते मार्कांपुरतं सोडवलं जातं, दर्शनी किंमत आणि बाजारभावाची गणितं पोरं पटापट करतात पण हा बाजारभाव रोज हलतो कशामुळे हे वर्गात कोणी विचारत नाही. ते घरी विचारता येतं, त्याला कोर्स लागत नाही.

आता ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. यावर जरा जास्त लिहितो कारण खरं नुकसान इथे होतंय. सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, २०२४ मध्ये आकडे दिले, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्यूचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या १०० पैकी ९३ सामान्य लोकांचा तोटा झाला, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर, आणि २०२३-२४ मध्ये एफ अँड ओ करणाऱ्यांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते. का होतो तोटा? समजा निफ्टीचा (५० मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) कॉल, म्हणजे तो वर जाईल यावरचा ऑप्शन, १०० रुपये प्रीमियमने (हक्काची किंमत) घेतला, लॉट (एका वेळी घ्यावे लागणारे नग) ७५ चा धरा, म्हणजे साडेसात हजार गेले. एक्स्पायरीला (मुदतीच्या दिवशी) निफ्टी स्ट्राइकच्या (ठरलेल्या पातळीच्या) वर नसेल तर सगळे शून्य, आणि शेवटपर्यंत धरला तर नुसता वर असून भागत नाही, १०० पॉइंट वर असेल तेव्हा कुठे घातलेले परत, त्यात ब्रोकरेज आणि टॅक्स वेगळे. दिशा बरोबर ओळखली पण बाजार दोन दिवस उशिरा वर गेला तरी पैसे गेलेच! सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेसाठी कॉट बेसिसवर राहणारी पोरं मेसचे पैसे यात घालताना मी बघितलीयेत, गावाकडे बापाने सोयाबीन विकून पाठवलेले पैसे असतात हो ते.

एफडीबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, टॅक्स आणि महागाई वजा केली की हातात फार काही उरत नाही. पण पुढच्या जूनची फी एफडीतच ठेवायची असते, शेअरमध्ये नाही. आणि एफडीतसुद्धा धोका असतो हे पुण्याला वेगळं सांगायला नको, रुपी या इथल्या सहकारी बँकेतून पैसे काढण्यावर २०१३ ला निर्बंध आले आणि २०२२ ला बँकेचं लायसन्स गेलं, मधली वर्षं लोक हेलपाटे घालत होते. एका बँकेत एका माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्याच ठेवींना विमा आहे, हे किती पोरांना माहितीये?

आणि जगाशी संबंध नाही म्हणे! २०२२ ला युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं, तिकडचं सूर्यफूल तेल अडकलं, एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो त्यामुळे इथे मेसचं ताट महागलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडने, व्याजदर जवळजवळ शून्यावरून सव्वाचार-साडेचार टक्क्यांच्या पट्ट्यात नेला, जगभरचा पैसा डॉलरकडे वळला, कच्चं तेलही महाग होतं, आणि रुपया एका डॉलरला ७४-७५ वरून ८२ च्या पुढे घसरला. एमएससाठी ४० हजार डॉलर भरायचे होते त्या घराला तीस लाखांचे तेहतीस लाख लागले, कोर्स तोच, कॉलेज तेच. चार्टवर रेघ दिसली असेल, पण ती तशी का गेली ते चार्ट सांगत नाही. पोरांना हे ‘का’ शिकवायचंय.

राहिली ती लिंक. शेअर बाजाराचा बेसिक अभ्यास एनआयएसएम या सेबीच्या संस्थेच्या साइटवर आहे, सेबीची गुंतवणूकदार परीक्षाही फुकट देता येते. आणि जो नुसतं शिकवतो त्याने गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत असं सेबीने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं होतं, त्यामुळे कोणी लाइव्ह मार्केटमध्ये अमुक घ्या, तमुक विका असं सांगून शिकवतो म्हणत असेल तर आधी त्याचा सेबी रजिस्ट्रेशन नंबर मागा आणि तो सेबीच्या साइटवर टाकून बघा.