‘प्राचीन ज्ञान’ म्हणता ना, मग ते कुठून आणलंत तेही सांगा

संताप होतो अगदी. विचक्राफ्ट, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीची चेटूक-साधना, शिकायचं म्हणून एखादं नवखं माणूस ऑनलाइन येतं, मनापासून येतं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या डोक्यात इतका कचरा कोंबला जातो की तो उपसण्यातच पुढचे कित्येक महिने जातात. आणि कोंबणारे कोण? स्वतःच स्वतःला ‘हाय प्रीस्टेस’, म्हणजे मुख्य पुजारीण, म्हणवून घेणारे. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये हजारो वर्षांचं गुपित उघड केल्याचा आव आणणारे. काल टॅरोचा डेक, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांचा जोड, विकत घेऊन आज ‘मेंटॉरशिप’चे पैसे मागणारे.

मी स्वतः हे करते. मेणबत्त्या लावते, पत्ते वाचते, चंद्राच्या कला पाळते, वनस्पतींवर वाचत असते. त्यामुळे ‘सगळंच थोतांड, त्यात खरं-खोटं काय निवडतेस’ असं म्हणणाऱ्यांशी मला आत्ता वाद घालायचा नाही. स्पेलचा, म्हणजे मंत्रतंत्राचा, गुण येतो की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण चेटकाच्या खटल्यांसाठी गाजलेल्या अमेरिकेतल्या सेलेम गावात कुणाला जाळलं का, हा श्रद्धेचा प्रश्न नाही. त्याचे कागद आहेत. धोतऱ्याने विषबाधा होते का, हाही श्रद्धेचा प्रश्न नाही.

सेलेमचं नाव काढलंच आहे तर तेच घ्या. ‘ज्या चेटकिणींना तुम्ही जाळू शकला नाहीत त्यांच्या आम्ही नाती’ हे वाक्य टी-शर्टवर, मगवर, प्रत्येक दुसऱ्या व्हिडिओत. सेलेममध्ये १६९२ साली १९ जणांना फाशी दिली. जाईल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याने खटल्याला उत्तर द्यायला नकार दिला म्हणून त्याला दगडांखाली चिरडून मारलं. काही जण तुरुंगात मेले. जाळलं एकालाही नाही. आणि त्याच्या पुढे ठरलेला आकडा येतोच, युरोपात ९० लाख चेटकिणी मारल्या. हा आकडा आला कुठून, हे सांगणारा एक ‘गुरू’ मला दाखवा. अठराव्या शतकात गोटफ्रीड ख्रिश्चन फॉइग्ट नावाच्या जर्मन माणसाने क्वेडलिनबुर्ग या एका गावच्या मूठभर खटल्यांवरून सगळ्या युरोपाचं त्रैराशिक मांडलं, त्यातून तो निघाला. ज्यांनी दप्तरं प्रत्यक्ष चाळली ते इतिहासकार साधारण ४० ते ६० हजार म्हणतात. ४० हजार माणसं कमी आहेत का? खऱ्या मृत्यूंनी पोट भरत नाही म्हणून ते दीडशे-सव्वादोनशे पटींनी फुगवायचे?

मला याचा इतका राग का येतो तेही सांगते. ती माणसं बहुतेक करून साधी ख्रिस्ती माणसं होती. म्हाताऱ्या बायका, विधवा, शेजाऱ्याशी भांडण झालेले लोक, आणि पुरुषसुद्धा. आइसलंडमध्ये तर मारले गेलेले बहुतेक पुरुषच होते. त्यांतले कित्येक जण मरेपर्यंत ओरडून सांगत होते की आम्ही चेटूक करत नाही. आणि आज त्यांनाच ‘आमच्या पंथाचे हुतात्मे’ म्हणून मिरवायचं आणि त्यांच्या नावावर मेणबत्त्या विकायच्या! त्यांच्यावरचा खोटा आरोप आपणच खरा ठरवतोय, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मग ते ‘प्राचीन, अखंड परंपरा’ प्रकरण. विक्का, म्हणजे आजच्या विचक्राफ्टमधला सगळ्यात परिचित पंथ, ही विसाव्या शतकात घडलेली वाट आहे. इंग्लंडमधला जुना विचक्राफ्ट कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी आपल्या पंथाबद्दल उघडपणे लिहिलं. एक जुना मूर्तिपूजक पंथ गुपचूप टिकून राहिला होता ही कल्पना त्यांनी मार्गारेट मरे यांच्या १९२१ च्या मांडणीवरून घेतली, आणि ती मांडणी इतिहासकारांनी कधीच मोडीत काढली आहे. वर्षाचे आठ सण ज्या एका चक्रात आज शिकवतात, ते चक्रसुद्धा तेव्हाच जुळवलं गेलं. त्यातल्या शरद संपाताला, म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसाला, ‘मेबॉन’ हे नाव १९७० च्या दशकात एडन केली या अमेरिकन माणसाने दिलं, वेल्श कथेतल्या एका पात्रावरून. तरी दर सप्टेंबरला ‘केल्ट लोक हजारो वर्षं मेबॉन साजरा करत आले’ हे ऐकायचं. ‘ओस्तारा’ या वसंतातल्या सणाच्या सशाची आणि अंड्यांची सविस्तर कथाही तशीच छातीठोकपणे सांगतात. ज्या इओस्त्रे देवीशी हा सण जोडतात, तिच्याबद्दल बीड नावाच्या इंग्लंडमधल्या ख्रिस्ती मठवासीने आठव्या शतकात एका महिन्याचं नाव समजावताना जेमतेम दोन ओळी लिहिल्या आहेत. त्यात ससाही नाही आणि अंडंही नाही.

नवीन असणं हा गुन्हा आहे का? मुळीच नाही. सत्तर वर्षांत माणसांनी एक सुंदर गोष्ट उभी केली, त्यात लपवण्यासारखं काय आहे? उलट लपवल्यामुळे ज्यांनी ती उभी केली त्यांचाच अपमान होतो. डोरीन व्हॅलिएंटे या बाईने विक्काच्या विधींची भाषा घडवली. ‘चार्ज ऑफ द गॉडेस’ हे देवीच्या तोंडचं प्रसिद्ध निवेदन आज ज्या रूपात म्हणतात ते तिच्या हातचं आहे. आणि लोक तिचं नाव कापून ते ‘अज्ञात प्राचीन मंत्र’ म्हणून, पार्श्वसंगीत लावून, सबस्क्रिप्शनमागे ठेवून विकतात. पॅमेला कोलमन स्मिथचंही तेच. १९०९ चा तो ‘रायडर-वेट’ टॅरो डेक, ज्याची चित्रं जगभर कॉपी होतात, तो तिने काढला. अनेक दशकं तिचं नाव डेकच्या नावातसुद्धा नव्हतं. पण ‘टॅरो इजिप्तच्या पुजाऱ्यांनी दिला’ हे मात्र सगळ्यांना पाठ! टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून सुरू झाला. इजिप्तची गोष्ट कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये लिहिली, आणि इजिप्तची चित्रलिपी शांपोल्यॉने उलगडली ती १८२२ मध्ये. म्हणजे ज्या लिपीतलं एक अक्षर कुणाला वाचता येत नव्हतं, तिच्या गुपितांची ही हमी.

इथपर्यंत ठीक आहे म्हणू. चुकीचा इतिहास शिकून कुणी मरत नाही. पण हेच लोक, याच आत्मविश्वासाने, तुमच्या पोटात काय घालायचं तेही सांगतात. तिथे माझं डोकं खरंच फिरतं.

क्रिस्टल पाण्यात रात्रभर ठेवा, चंद्रप्रकाश दाखवा, सकाळी ते पाणी प्या. कुठला क्रिस्टल? ‘तुमच्या मनाला जो भावेल तो.’ अरे, मॅलाकाइटमध्ये तांबं असतं. गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज आहे. सिनाबारमध्ये पारा असतो. मनाला भावला म्हणून पारा प्यायचा? सेलेनाइट तर पाण्यात ठेवला की खराबच होतो, कारण तो जिप्सम आहे, तो विरघळायला लागतो. ज्याला एवढंही माहीत नाही तो ‘क्रिस्टल हीलिंग मास्टर’चं सर्टिफिकेट वाटत बसलाय.

‘फ्लाइंग ऑइंटमेंट’चं तेच. जुन्या चेटकिणींचं उडण्याचं मलम, घरी बनवा, अंगाला लावा. त्या जुन्या पाककृतींमध्ये काय सापडतं? बेलाडोना, हेनबेन, बचनाग, सगळ्या विषारी वनस्पती. पहिल्या दोन्हींत तीच द्रव्यं असतात जी धोतऱ्यात असतात. त्यांनी भ्रम होतो, छाती धडधडते, डोस जास्त झाला तर माणूस जातो. बचनागाचं विष कातडीतूनसुद्धा शरीरात जातं आणि थेट हृदयाची लय बिघडवतं. पेनीरॉयल या पुदिन्याच्या जातीतल्या वनस्पतीचं तेल तर ‘पाळी आणणारी स्त्रियांची औषधी’ म्हणून सर्रास सुचवलं जातं. त्या तेलाने यकृत निकामी होतं आणि त्याने बायका मेल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. घाबरलेली, कुणाला विचारू न शकणारी एखादी मुलगी हे ऐकते आणि करते. तिला ‘शरीराचं ऐक, ते तुला सांगेल’ असं उत्तर देणाऱ्या माणसाला गुरू म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि मुकी जनावरं! बंद खोलीत डिफ्युझरमध्ये, म्हणजे तेलाचा सुगंध हवेत सोडणाऱ्या यंत्रात, टी-ट्री तेल लावा, घर ‘शुद्ध’ होईल म्हणे. मांजरीचं यकृत या तेलांमधली काही द्रव्यं आपल्यासारखी पचवू शकत नाही. तिच्या अंगावर तेल गेलं तर विषबाधा होते, आणि चाटून स्वतःला साफ करणं हा तर तिचा स्वभाव. शेजारी मांजर बसलेली व्हिडिओत दिसत असते, तरी एक शब्द सावधगिरीचा नाही.

आता पैसा. ‘तुझ्या पूर्वजांचा तुझ्यासाठी निरोप आहे’ असा मेसेज येतो. बहुतेक वेळा तो टॅरो वाचणाऱ्या एखाद्या नावाजलेल्या व्यक्तीचा फोटो चोरून, नावात एक अक्षर बदलून उघडलेल्या खात्यावरून असतो. उत्तर दिलं की सांगतात, तुझ्यावर कुणीतरी करणी केली आहे. उतरवायला इतके पैसे. दिले, की करणी फारच जुनी निघते, आणखी इतके. कुणाचं लग्न मोडलेलं असतं, कुणाचं माणूस नुकतंच गेलेलं असतं, आणि हे नेमकं त्याच जखमेवर बोट ठेवतात. अडल्यानडल्या माणसाला आधी भीती घालून मग त्याच भीतीचा उतारा विकणं, याला साधना म्हणत नाहीत. ही लूट आहे. यात चोरटी खाती तर आहेतच, पण खऱ्या नावाने, हसऱ्या चेहऱ्याने हेच करणारे ‘शिक्षक’ही कमी नाहीत. त्यांचा फक्त दर जास्त असतो.

प्रश्न विचारून पाहा एकदा. फार काही नाही, ‘हे कुठे वाचलंत?’ एवढाच. शिव्या नाहीत, टोमणा नाही. उत्तर ठरलेलं: तुझी एनर्जी निगेटिव्ह आहे. तू अजून तयार नाहीस. हे ज्ञान आजीकडून आलंय, पुस्तकात नसतं. मग ब्लॉक. आणि त्यांची फौज तुटून पडते, जणू मी कुणाच्या देवाला हात घातला. यूपीजी (अनव्हेरिफाइड पर्सनल नॉसिस), म्हणजे स्वतःला आलेला खासगी अनुभव तसा सांगणं, ही पद्धत आपल्या लोकांनीच पाडली ना? ‘हा माझा अनुभव आहे, ग्रंथात नाही’ एवढं म्हटलं की झालं. मी तुमच्या अनुभवाला खोटं म्हणणार नाही. तुम्हाला एखादी देवी लाल रंगात दिसली असेल, दिसू दे. पण ‘प्राचीन ग्रीक लोक तिला लाल फुलं वाहायचे’ असं बोललात की पुरावा द्यावा लागेल. इतकी साधी रेघ आहे. ती ओढायला कुणाला काही खर्च येत नाही.

चांगले शिकवणारे नाहीत असं नाही. आहेत. ते सांगतात की हे अमुक लेखकाकडून घेतलं, हे मी स्वतः जोडलं, इथे मला ठाऊक नाही, ही वनस्पती गरोदरपणी नको. त्यांचे व्हिडिओ लांब असतात, संथ असतात, आणि कुणी बघत नाही. बघितला जातो तो ‘आज रात्री हे केलं नाहीत तर दार बंद होईल’ म्हणणारा.

आणि चूक उघडी पडली की काय करतात? गाजावाजा न करता व्हिडिओ काढून टाकतात. दुरुस्ती नाही, माफी नाही, सूचना नाही. पुढच्या पौर्णिमेला नवा कोर्स. तो काढून टाकलेला व्हिडिओ तोवर हजारो लोकांनी पाहिलेला असतो, सेव्ह केलेला असतो, मैत्रिणीला पाठवलेला असतो. त्यातलं बघून ज्यांनी खरंच ते पाणी प्यायलं, ते तेल घेतलं, त्यांना कळवायची जबाबदारी कुणाची? तुमची आहे. शिकवायचे पैसे तुम्ही घेतलेत. समोर या, तोच चेहरा दाखवा, आणि ज्या आवाजात चुकीचं सांगितलंत त्याच आवाजात सांगा की ते चुकीचं होतं, ते करू नका.