संमतीपत्र हाती आलेल्या कारखानदारास हिताच्या गोष्टी

प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र मिळाल्याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. ते चांगल्या चौकटीत बसवून स्वागतकक्षात लावावे. अटींची पाने मात्र भिंतीकडे तोंड करून राहू द्यावीत, नाहीतर एखाद्या दिवशी आपणच ती वाचून बसाल. 1974 च्या जल कायद्याप्रमाणे संमतीवाचून सांडपाणी सोडता येत नाही, आणि संमती देताना मंडळ दिवसाला किती घनमीटर पाणी सोडायचे व त्या पाण्यात काय किती असायचे, असे दोन्ही आकडे बांधून देते. बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जंतू जेवढा प्राणवायू खातात तो, नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात सर्वसाधारणपणे लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत लागतो. त्यासाठी शुद्धीकरणाच्या टाकीतल्या जंतूंना हवा पुरवणारे ब्लोअर रात्रंदिवस चालवून विजेचे बिल वाढवणे हा शुद्ध अडाणीपणा होय. कूपनलिकेचे पाणी मिसळावे, म्हणजे घाण होती तेवढीच राहून आकडा तेवढा खाली येतो. घनमीटरची अट घालणाऱ्यांना ही युक्ती आधीच ठाऊक असावी, कारण मिसळलेले पाणी मीटरवर लगेच उमटते. तेव्हा पाणी मिसळण्याआधी मीटर नादुरुस्त व्हावा, हा क्रम चुकवू नये.

नमुना घ्यायला कोणी आले तर रखवालदाराने नोंदवही, ओळखपत्र आणि चहा यांत त्यांना फाटकावरच गुंतवावे आणि तेवढ्यात ब्लोअर सुरू करावेत. अडचण एवढीच, की हवेवाचून मेलेले जंतू चहाच्या वेळात जिवंत होत नाहीत. टाकीतला निरोगी गाळ तपकिरी असतो, तो काळा पडून कुजक्या अंड्यासारखा वास मारू लागला की जाणत्या अधिकाऱ्याला बाटली भरण्याआधीच सारे कळते. टाकीपाशी उदबत्त्या लावून पाहाव्यात.

खरा आधार पावसाचा. पावसाळी गटार सांडपाण्याच्या वाहिनीपासून वेगळे ठेवावे अशी अट असते, कारण छपरावरचे पाणी शुद्धीकरणाला न जाता थेट ओढ्याला मिळते. म्हणजे ज्या वाटेवर ना टाकी ना मीटर, ती वाट सरकारने आपणहून आपल्या अंगणातून काढून दिली आहे. तिला मागच्या बाजूने एक व्हॉल्व्ह जोडून आषाढाची वाट पाहावी. वैशाखात मात्र कळ काढावी, कारण भर उन्हात पावसाळी गटार वाहताना दिसले, तर बीओडी कशाशी खातात हे ठाऊक नसलेला गुराखीसुद्धा चौकशी करतो. आणि दोन सरींच्या मध्ये व्हॉल्व्ह बंद करायला विसरणारा माणूस त्या कामावर ठेवू नये.